पाणथळातील अपृष्ठवंशी जलचर : नमुना व वेचणीच्या पद्धतींचा इतिहास

इंदूरच्या विजय नगरातून धार रस्त्यावरील सिरपूर तलावाकडे जावयाचे म्हणजे बहुतेक सारे शहर ओलांडावे लागते. होळकर संस्थानाच्या काळातील हा तलाव आणि गंभीर नदीवरील यशवंत सागर यांना २०२२ मध्ये रामसर स्थळांचा दर्जा मिळाला. दोहोंची ख्याती पक्ष्यांमुळे आहे. तथापि ज्यांवर अनेक पाणपक्षी जगतात त्या अळ्या, गोगलगायी, जळवा यांची गणती करावयाची तर पहिला प्रश्न पद्धतीचा येतो.

आपल्याकडे या प्राण्यांचा अभ्यास प्रथम संग्रहालयांच्या मार्गाने आला. १९१६ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे पहिले संचालक नेल्सन अ‍ॅनन्डेल यांनी मुंबई इलाख्यातील लहान ओढ्यांच्या प्राणिसृष्टीवर १९१९ मध्ये निबंध प्रसिद्ध केला. अशा कामाचा भर जाती ओळखण्यावर असे. युरोपात मात्र 'किती?' हा प्रश्न पुढे आला होता. स्वेन एकमन यांनी १९११ मध्ये तलावाच्या मऊ गाळासाठी जबड्यासारखे मिटणारे उपकरण वर्णिले. ठराविक क्षेत्रफळाचा गाळ वर येत असल्याने दर चौरस मीटरला प्राणी किती, हे सांगता येऊ लागले. सर्बर यांची १९३७ ची चौकट वाहत्या, उथळ पाण्यासाठी होती. प्रवाहानेच प्राणी जाळ्यात जावयाचे असल्याने स्थिर तलावात ती निरुपयोगी ठरते. पाठ्यपुस्तकातील यादी पाठ करणाऱ्या विद्यार्थ्यास हे क्वचितच कळते. पाणवनस्पतींनी भरलेल्या काठावर एकमनचे जबडेही देठांत अडकून उघडे राहतात. तेथे इंग्रजी 'डी' अक्षराच्या आकाराचे दांड्याचे जाळे ठराविक अंतर किंवा ठराविक वेळ फिरविणे, हाच व्यवहार्य मार्ग.

खरे कष्ट पुढे असतात. पसाभर चिखलातून पांढऱ्या ट्रेमध्ये चिमट्याने प्राणी वेचण्यास तास न् तास लागतात, आणि थकलेला डोळा लहान व मातकट प्राणी हमखास सोडतो. १९५९ मध्ये अँडरसन यांनी १.१२ विशिष्ट गुरुत्वाच्या साखरेच्या द्रावणात नमुना ढवळण्याची रीत सुचविली. किडे तरंगतात, गाळ तळाशी बसतो. परंतु शंख-शिंपलेही गाळाबरोबर बसतात, म्हणून तो गाळ फेकून न देता पुन्हा पाहावा लागतो. रोझ बेंगॉल या रंगाने प्राणी गुलाबी करून शोधण्याची युक्ती १९६० च्या दशकात आली. तिने काम हलके झाले.

चाळणीचे छिद्र अर्ध्या मिलिमीटरचे की एक मिलिमीटरचे, यावरही संख्या पालटते. मोठ्या छिद्रातून कायरोनोमिड माशीच्या कोवळ्या अळ्या निसटतात. ही नोंद नसलेल्या जुन्या आकड्यांशी आजच्या आकड्यांची तुलना करणे व्यर्थ होय. महाविद्यालयीन प्रकल्प दरवर्षी नव्या विद्यार्थ्यांच्या हाती जातात, त्यामुळे हा धोका तेथे अधिक.

माळव्यातील तलावांना आणखी एक अडचण आहे. ऑक्टोबरात जेथे जाळे फिरविले तेथे मे महिन्यात कोरडी भेगाळ जमीन असू शकते. म्हणून नमुन्याच्या चिठ्ठीवर तारीख व जागेबरोबर त्या दिवशीची पाण्याची पातळी आणि काठापासूनचे अंतरही लिहावे. चिठ्ठी पेन्सिलीने लिहून बाटलीच्या आत टाकावी, कारण अल्कोहोलात शाई विरघळते.