जुन्या स्पीकरची ‘सुधारणा’: एक प्रतिवाद

लंडनच्या वायव्य टोकाला, एजवेअरमध्ये आणि त्याच्या शेजारच्या उपनगरांत, जुने ब्रिटिश स्पीकर अजून माळ्यांवर सापडतात. यात नवल नाही. गुडमन्सचा ‘ॲक्सिअम वर्क्स’ इथून जवळच, वेम्बलीत होता. लीकचा कारखाना ॲक्टनमध्ये होता. 1931 साली स्टीरिओच्या पेटंटसाठी अर्ज करणारा ॲलन ब्लुमलाइन ईएमआयचा अभियंता, आणि ईएमआय हेजची. इथल्या मराठी घरांतही अशा जोड्या आहेत. साठ-सत्तरच्या दशकांत आलेल्या पिढीने हौसेने घेतलेले स्पीकर आता मुलांच्या हाती येत आहेत, आणि डॉलिस हिलच्या महाराष्ट्र मंडळात कार्यक्रम संपल्यावर कोणीतरी विचारतेच, “बाबांचे स्पीकर आहेत. काय करू?”

या प्रश्नाला आज एक ठरलेले उत्तर सर्रास दिले जाते. ते चूक आहे आणि त्यापायी चांगल्या जोड्या बिघडत आहेत, म्हणून हा लेख.

आधी पूर्वपक्ष, त्याच्या पूर्ण ताकदीनिशी. चाळीस-पन्नास वर्षांचा स्पीकर म्हणजे थकलेला स्पीकर. क्रॉसओव्हरमधले, म्हणजे वूफर आणि ट्विटरमध्ये सूर वाटून देणाऱ्या जोडणीतले, कपॅसिटर मेलेले, चुंबक मंदावलेले. शिवाय मूळ कर्ता, म्हणजे स्पीकर आखणारा, खर्चाला बांधलेला होता. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर त्याने घेतले ते स्वस्त म्हणून, कॉइलला बारीक तार घेतली ती तांबे वाचवायला. आज उत्तम फिल्म कपॅसिटर मिळतात, जाड तारेच्या कॉइल मिळतात. तेव्हा पेटी उघडलीच आहे तर सगळेच बदलून टाकावे. स्पीकर नवा होईल, आणि कर्त्याला जे परवडले नाही तेही त्याच्या पदरात पडेल. शेवटी मालकांची साक्ष आहेच: ‘पडदा दूर झाला, आवाज उघडला.’ हे सांगणारे लोक भोंदू नाहीत. त्यांतले कित्येक जण अत्यंत सुबक डाग देतात आणि कामावर त्यांचे मनापासून प्रेम आहे. चूक त्यांच्या हातात नाही, हिशेबात आहे.

त्यांचे जे खरे आहे ते प्रथम मान्य करू. फोम कुजतो. टॅनॉयच्या 1974च्या एचपीडी मालिकेत कोनभोवती पॉलियुरेथेन फोमची कड होती. हवेतला ओलावा आणि प्राणवायू अशा फोमला साधारण पंधरा ते पंचवीस वर्षांत खाऊन टाकतात. बोट लावले की चिकट, काळपट भुकटी सुटते. ती कड बदललीच पाहिजे, त्यावर वाद नाही. जुन्याचा शेवटचा कण कोनवरून खरवडून काढायचा, व्हॉइस कॉइल फटीत मधोमध राहावी म्हणून भोवती कागदी पट्ट्या खोचायच्या, नवी कड चिकटवायची, गोंद वाळला की पट्ट्या काढून कोन दोन अंगठ्यांनी अलगद दाबायचा आणि कान लावायचा: घासल्याची खरखर नको. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरचा कोणताही जुना रीकोनिंगवाला हे डोळे मिटून करील.

पण मोह इथेच सुरू होतो. फोम पुन्हा कुजणार, मग रबराची कड का नको? कायमची टिकेल. टिकेल खरी. मात्र रबर फोमपेक्षा जड असते आणि त्याचा ताठपणा वेगळा असतो. हलणारे वस्तुमान बदलले, ताठपणा बदलला, की वूफरची अनुनाद-वारंवारता सरकते. पेटी किती लिटरची आणि तिच्या नळीची लांबी किती, हे त्याच वारंवारतेवरून ठरलेले असते. थील यांनी 1961 साली आणि स्मॉल यांनी सत्तरच्या दशकाच्या आरंभी हे गणित मांडून ठेवले आहे. कड बदलली आणि पेटी तीच राहिली, तर हिशेब जुळणार कसा?

आता मुख्य मुद्दा, कपॅसिटरचा. इलेक्ट्रोलिटिक म्हातारे होतात हे खरे. त्यांचा आकडा सरकतो, अंतर्गत रोध वाढतो. पण औषध म्हणून दिला जाणारा फिल्म कपॅसिटर छापील आकड्याने तोच असला तरी विद्युतदृष्ट्या तोच नसतो. इलेक्ट्रोलिटिकला नवेपणीही स्वतःचा थोडा रोध असतो. आठ ओहमच्या ट्विटरच्या वाटेवर बसवलेल्या कपॅसिटरचा मूळ रोध अर्धा ओहम होता असे धरा. फिल्म कपॅसिटरचा रोध जवळजवळ शून्य. तो बसवताच ट्विटर सुमारे अर्ध्या डेसिबलने चढतो, आणि हा चढ एखाद्या सुरापुरता नसतो, ट्विटरच्या सबंध पट्ट्यावर असतो. इतक्या रुंद पट्ट्यावरचा अर्धा डेसिबल कानाला ‘मोठे’ म्हणून कळत नाही. तो ‘स्वच्छ’ म्हणून कळतो. पडदा कुठे होता? ट्विटर मोठा झाला, इतकेच.

जुन्या कपॅसिटरचा रोध थकून एक-दीड ओहमवर गेलेला असेल, तर आधीचा आणि नंतरचा फरक आणखी ठळक वाटणार. त्यातला काही भाग रास्त दुरुस्ती, उरलेला अतिरेक. मालक दोन्हींना एकत्रच दाद देतो. कॉइलचे तसेच. वूफरच्या वाटेवरची मूळ कॉइल 0.6 ओहमची, नवी जाड तारेची 0.2 ओहमची; व्हॉइस कॉइल 6.4 ओहमची. बेरीज 7.0 होती ती 6.6 झाली. वूफरही सुमारे अर्धा डेसिबल चढला, आणि त्याला आवरून धरणारी विद्युत पकड साधारण सहा टक्क्यांनी घट्ट झाली, म्हणजे खर्जाचा पोतही बदलला. कर्त्याने यातले काहीच मागितले नव्हते.

‘पण कर्ता खर्चाला बांधलेला होता!’ होता ना. म्हणूनच त्याने त्या बंधनासकट आवाज जुळवला. ट्विटर चढा वाटला तर रोध वाढव, मधला पट्टा पोकळ वाटला तर कॉइलचा आकडा हलव, असे करत करत तो जिथे थांबला तो त्याचा निर्णय. दुसरे भाग परवडले असते तर त्याने ते घेतले असते, कबूल. पण मग आकडेही दुसरे घेतले असते. मिरजेचा कारागीर तंबोऱ्याची जवारी लावतो ती त्या घोडीवर, त्या तारांसाठी. उद्या कोणी तारा अधिक भारी घातल्या आणि जवारीला हात लावला नाही, तर तो तंबोरा सुधारला असे कोण म्हणेल?

याचा सर्वांत भक्कम पुरावा बीबीसीने स्वतःच ठेवला आहे. एलएस3/5ए हा छोटा मॉनिटर बाह्यप्रक्षेपणाच्या गाड्यांसाठी घडवला गेला. सुमारे पाच लिटरची बंद पेटी, केईएफचा बी110 वूफर आणि टी27 ट्विटर. रॉजर्स, स्पेंडॉर, हारबेथ अशा अनेकांनी तो परवान्याने बनवला; त्यांत एके काळचे आमचे शेजारी गुडमन्सही होते. बीबीसीच्या संशोधन विभागाने 1976 साली त्यावर अहवाल काढला. पेटीच्या आतल्या पट्ट्या बीच लाकडाऐवजी पराना पाइनच्या लावल्या तर आवाजात फरक पडतो, इथपर्यंत त्यांची तपासणी गेली होती. आतल्या, न दिसणाऱ्या पट्टीच्या लाकडाने फरक पडतो, तर ट्विटरच्या वाटेवरच्या कपॅसिटरने पडणार नाही? पुढे केईएफच्या ड्रायव्हरांचे गुणधर्म सरकले, तेव्हा जुन्या क्रॉसओव्हरवर ‘चांगले’ भाग चढवून कोणी वेळ मारून नेली नाही. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात क्रॉसओव्हरच नव्याने आखला गेला, 15 ओहमचा स्पीकर 11 ओहमचा झाला. एक घटक हलला की सगळा आराखडा पुन्हा मांडायचा, ही त्यांची शिस्त.

अशीच 15 ओहमची एक जोडी मागे माझ्याकडे आली. कुठेतरी ‘अद्ययावत’ करून आणलेली. मालकांची तक्रार अशी की गाणारा मधोमध उभा न राहता उजवीकडे सरकतो, वरच्या सुरांत तर फारच. मागची फळी काढली. मूळ क्रॉसओव्हरमध्ये ट्विटरची पातळी ठरवायला टॅप असलेली एक कॉइल असते. कोणत्या टॅपवर तार जोडायची हे कारखान्यात त्या-त्या ड्रायव्हरांच्या मापावरून ठरे. दोन्ही पेट्यांतला टॅप वेगळा असणे हा दोष नसतो, ती जुळणी असते. दुरुस्ती करणाऱ्याने नवे भाग घालताना दोन्हीकडे तार एकाच टॅपवर जोडली होती. नीटनेटकेपणाच्या हौसेने जुळवलेली जोडी मोडली. मूळ जागेची खूण डागाच्या जुन्या ठशात अजून दिसत होती, म्हणून ती परत जुळवता आली. ठसा पुसला असता तर?

‘रोध जितका कमी तितके उत्तम’ हे सूत्रच कसे फसवे आहे, ते क्वाडच्या 1957च्या इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकरवरून पाहावे. त्याच्या पातळ पडद्यावरचा लेप मुद्दामच प्रचंड रोधाचा असतो, कारण पडद्यावरचा विद्युतभार जागच्या जागी राहायला हवा. तिथे सुवाहक लेप फासला तर भार पळतो आणि आवाज विकृत होतो. रोध हे कर्त्याच्या हातातले हत्यार आहे.

चुंबकाबद्दल थोडक्यात. फेराइटचे चुंबक घरात बसल्या बसल्या मंदावत नाही. ॲल्निको जोरदार आघाताने किंवा उलट्या चुंबकीय क्षेत्राने काही प्रमाणात उतरू शकते, नुसत्या वयाने लक्षात येईल इतके नाही. ट्विटर मंद वाटला तर आधी त्याच्या फटीत फेरोफ्लुइड, म्हणजे चुंबकी द्रव, असेल तर ते वाळून घट्ट झाले आहे का ते पाहावे. तो दोष पुष्कळदा बिचाऱ्या कपॅसिटरच्या माथी मारला जातो.

उरली मालकांची साक्ष. ‘कान हाच न्यायाधीश’ हे मलाही मान्य आहे, पण न्यायाधीशापुढे दोन्ही पक्ष एकाच वेळी उभे करा. आठवडाभराने परत आलेल्या स्पीकरची तुलना कान कशाशी करणार? आठवणीशी? म्हणून जोडीतला एकच स्पीकर आधी दुरुस्त करावा, दुसरा तसाच ठेवावा, मोनो आवाज दोन्हींवर आळीपाळीने, पातळी मोजून सारखी करून, ऐकावा. संगीत म्हणून ख्याल घ्या, मागे दोन तंबोरे असलेला. एलएस3/5ए मध्ये वूफर-ट्विटरचा सांधा 3000 हर्ट्झच्या आसपास आहे, आणि जवारीचे वरचे स्वर तिथेच झळकतात. ट्विटर अर्ध्या डेसिबलने चढा असेल तर जवारी पहिली पाच मिनिटे मोहक वाटते. अर्ध्या तासाने गायकाच्या आवाजातला भरदारपणा कुठे गेला, हा प्रश्न पडतो.

याचा अर्थ काहीच बदलू नये, असा कोणी काढू नये. थकलेला कपॅसिटर ‘मूळचा’ म्हणून जपणारेही कर्त्यावर अन्यायच करतात, कारण त्याने थकलेला कपॅसिटर ऐकून आवाज जुळवला नव्हता.

तेव्हा वाचकहो, निकाल तुमचा, विनंती माझी. पेटी उघडलीत की पक्कड उचलण्याआधी मीटर उचला. प्रत्येक कपॅसिटरचा आकडा आणि रोध मोजा, कॉइलचा रोध मोजा, कोणती तार कोणत्या टॅपवर आहे त्याचे छायाचित्र घ्या. जो भाग मापात आहे त्याला हात लावू नका. जो बदलाल तो मूळ आकड्याचाच घ्या, आणि फिल्म कपॅसिटर घातलात तर काही पेन्सचा, मूळ रोधाइतका (वरच्या उदाहरणात अर्ध्या ओहमचा) रोध त्याच्या मागे जोडा. काढलेले भाग मापांच्या चिठ्ठीसह पाकिटात घालून त्याच पेटीत ठेवा. पुढे जो कोणी ती उघडील त्याला ते लागतील.