जेट बोट आणि पंख्याची बोट

यांत्रिक बोटीचे दोन प्रकार. पंख्याच्या बोटीत तळाखाली फिरणारा पंखा पाणी मागे लोटतो. जेट बोटीत तळातल्या जाळीतून ओढलेले पाणी आतला पंखा मागच्या तोटीतून जोराने फेकतो. तळाखाली काहीच लोंबत नसल्याने ती अगदी उथळ पाण्यातही धावते. न्यूझीलंडच्या बिल हॅमिल्टन यांनी 1950च्या दशकात तिकडच्या उथळ, गोटाळ नद्यांसाठी ती विकसित केली. भारतात ती गाजली 1977 साली, एडमंड हिलरी गंगेच्या प्रवाहाविरुद्ध निघाले तेव्हा. नंदप्रयागजवळच्या धबधब्याने त्यांना अडवले.

जेट बोट वळते ती तोटीच्या दिशेने. इंजिनाचा जोर काढला की वळणेही जाते. नवख्याला नेमके हेच उमगत नाही, संकट दिसताच तो जोर कमी करतो. संथ गतीला तिला इंधन जास्त लागते, आणि वाळू आतल्या पंख्याची पाती झिजवते.

सावदा गावाजवळच्या तापी नदीत कोणती बोट घ्यावी हा प्रश्न ऋतूवर ठरतो. हतनूर धरणाच्या जलाशयात, चांगदेवच्या तापी-पूर्णा संगमाकडे, खोल पाणी व संथ वाहतूक असेल तर पंख्याचीच बोट परवडते; मासेमारीला तर निर्विवाद. धरणाखाली उन्हाळ्यात खडक उघडे पडतात, तिथे पंखा मोडायला एक गोटा पुरे. पुरातल्या बचावकार्यात जेट बोटीचा मोठा गुण वेगळाच: पाण्यातल्या माणसाला उघड्या पात्यांची इजा होत नाही. मात्र वाहून आलेला पालापाचोळा, जलपर्णी किंवा प्लास्टिक जाळीत अडकले की तिचा जोरच जातो.