टाचून ठेवलेले काम : इस्लामपूर परिसरातील घरगुती शिवणकाम आणि त्याची शब्दसंपदा

महाराष्ट्रातील वस्त्रोद्योगाचा इतिहास लिहू पाहणाऱ्याला साधनांची वाण पडत नाही. इचलकरंजीस १९०४ साली पहिला यंत्रमाग बसला, त्याचा वृत्तान्त उपलब्ध आहे. गिरण्यांची हिशेबपत्रके आहेत, संपांच्या हकीकती आहेत, सुताच्या व कापडाच्या भावांचे तक्ते आहेत. मात्र मागावरून उतरलेले लुगडे बाजारातून एकदा घरात शिरले की ते इतिहासकाराच्या दृष्टीआड होते. वास्तविक त्याच्या आयुष्याचा मोठा भाग त्यानंतरच सुरू होतो. ते फाटते, सांधले जाते, पुन्हा फाटते, त्याचे तुकडे होतात, त्या तुकड्यांतून दुसऱ्या वस्तू निर्माण होतात, आणि हे सर्व व्यवहार घरातील स्त्रियांच्या हातून, कोणत्याही वहीत नोंद न होता घडतात.

या व्यवहाराचा इतिहास लिहिण्यात दुहेरी अडचण आहे. लेखी नोंद नाही ही एक. आणि वस्तूही उरत नाहीत ही दुसरी. पैठणी पेटीत जपली जाते, म्हणून तिचा इतिहास लिहिता येतो. वाकळ अंगाखाली झिजून संपते. जी वस्तू पूर्णपणे वापरून संपविण्यासाठीच निर्माण झाली, ती संग्रहालयात सापडावी अशी अपेक्षा करणे व्यर्थ होय. अशा वेळी तिसरे एक साधन हाती राहते, ते म्हणजे भाषा. कापड विरते तितक्या लवकर शब्द विरत नाहीत.

उदाहरणादाखल कृष्णा आणि वारणा या दोन नद्यांच्या मधला वाळवे तालुका, आणि त्याचे मुख्य ठाणे उरुण-इस्लामपूर, हा परिसर घेता येईल. (इस्लामपूरचे ‘ईश्वरपूर’ असे नामांतर करण्याचा निर्णय राज्य शासनाने २०२५ साली जाहीर केला, येथे ज्या काळाचे विवेचन आहे त्या काळातील नाव ठेविले आहे.) हा मुलूख १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यात होता, त्यानंतर दक्षिण सातारा जिल्ह्यात गेला, आणि त्या जिल्ह्यास १९६० साली सांगली हे नाव मिळाले. भाषेच्या दृष्टीने तो देशावरील मराठीचा भाग असला तरी दक्षिणेकडील कानडी मुलखाशी त्याचा बाजारपेठेचा संबंध जुना आहे. पुढे फुलीच्या टाक्याच्या संदर्भात या संबंधाचा उपयोग होईल.

या भागातील लुगड्याच्या आयुष्याचा क्रम केवळ शब्दांवरून लावता येतो. नवे लुगडे मध्यभागी झिजले म्हणजे झिजलेला भाग काढून उरलेले दोन तुकडे जोडीत. यास ‘दंड घालणे’ म्हणत आणि अशा लुगड्यास ‘दंडाचे लुगडे’. दंडही टिकेनासा झाला की त्याचे ‘धडपे’ होई. धडप्याच्या मऊ भागातून तान्ह्या मुलाची ‘दुपटी’ व ‘बाळुती’ निघत. उरलेल्या चिरगुटांचे थर ‘वाकळे’च्या पोटात जात. वाकळही जीर्ण झाली म्हणजे तिचे शेवटचे रूप ‘पोतेरे’. एका वस्त्राच्या प्रत्येक अवस्थेला स्वतंत्र नाव असावे, हे त्या अवस्था नित्याच्या असल्याचे लक्षण आहे. दुसऱ्या महायुद्धात कापडाची टंचाई होऊन १९४३ साली सरकारने कापड व सूत यांवर नियंत्रण आणले, तेव्हा शहरी मध्यमवर्गाला जी काटकसर आपत्ती म्हणून शिकावी लागली, ती शेतकरी व मजूर कुटुंबांची पूर्वापार रीत होती. ‘आभाळच फाटले तर ठिगळ कोठे लावावे’ ही म्हण ज्या समाजात रूढ झाली, त्या समाजाला ठिगळ लावता येण्याजोग्या सर्व जागा परिचित होत्या असेच म्हटले पाहिजे.

वाकळ शिवणे हे काम उन्हाळ्याचे. सुगी उरकलेली, पेरणीस अवकाश, जमीन कोरडी. खाली एक बऱ्यापैकी धड लुगडे अंथरावयाचे, त्यावर धडप्यांचे थर सारखे बसवावयाचे, वरून दुसरे लुगडे घालून कडा आत दुमडावयाच्या. मग थर सरकू नयेत म्हणून मोठमोठे कच्चे टाके घालावयाचे आणि त्यानंतर कडेपासून आत आत धावदोरा घालीत जावयाचे. वरकरणी हे काम सोपे दिसते. परंतु थर कमीजास्त झाले तर धुतल्यानंतर वाकळीचे गोळे होतात, आणि दोरा अधिक ओढला गेला तर ती आखडते. बंगालमधील कांथा किंवा उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी स्त्रियांची कवंदी यांची रचना अशीच थरांची व धावदोऱ्याची आहे. कांथेवर पुष्कळ लिहिले गेले, कारण तिच्यावर चित्रे आहेत. वाकळीवर बहुधा चित्र नसते. तिच्यावर टाक्यांच्या ओळीच काय त्या असतात.

परंतु वाकळ हे एकच काम घरात चालू असे, अशी समजूत करून घेणे चुकीचे ठरेल. घरगुती शिवणकामाचे वैशिष्ट्य हेच की त्यात चार-पाच कामे एकाच वेळी निरनिराळ्या टप्प्यांवर पडलेली असतात आणि प्रत्येकाची मुदत वेगळी असते. बारशाला कुंची हवी, तर बारसे बाराव्या दिवशी येते. पहिल्या संक्रांतीस बोरन्हाणासाठी काळे झबले हवे. घटस्थापनेपूर्वी घरातील सर्व अंथरूण-पांघरूण धुऊन निघावयाचे, तेव्हा त्याआधी उसवलेले सांधून झाले पाहिजे. लग्न ठरले की रुखवतात मांडावयाचे भरतकाम पुरे करण्याची घाई. आणि या सर्वांमध्ये शेतावरून फाटून आलेली बंडी, तिला कोणतीच तिथी नसते, ती सकाळपर्यंत हवी असते. ही कामे एकामागून एक करण्याइतका सलग वेळ त्या स्त्रीला कधीच उपलब्ध नसे. चूल, पाणी, दळण, गुरे यांमधून उरणाऱ्या तुकड्या-तुकड्यांच्या वेळात ती होत.

या तुटक वेळेचा सर्वांत स्पष्ट पुरावा ‘टाचणे’ या क्रियापदात सापडतो. टाचणे म्हणजे पक्के शिवणे नव्हे. दोन भाग तूर्त एकमेकांना धरून राहतील इतपत टाके घालणे, म्हणजे काम खाली ठेवून उठता येते आणि पुन्हा हाती घेतल्यावर मांडणी जागच्या जागी सापडते. ‘टाचून ठेवणे’ या संयुक्त क्रियापदातील ‘ठेवणे’ येथे महत्त्वाचे आहे: कर्ता कामापासून दूर जाणार आहे, हे त्यात गृहीत आहे. स्वतंत्र दुकान थाटून बसलेल्या कारागिरालाही कच्चा टाका लागतो, पण तो मापासाठी. घरात तो आठवणीसाठी लागतो. याच धातूपासून झालेला ‘टाचण’ हा शब्द प्राध्यापकवर्गाच्या नित्य वापरातला आहे. अपुऱ्या विषयाचे मुद्दे पुढे सविस्तर मांडण्यासाठी तात्पुरते एकत्र धरून ठेवणे, हा त्याचा अर्थ सुईच्या कामातून किती सहज आला आहे हे निराळे सांगण्याची आवश्यकता नाही.

या व्यवसायातील एकूण शब्दसंपदेकडे पाहता तिच्यात थर दिसतात. सुई, कातर, शिवणे हे संस्कृत सूची, कर्तरी, सीव्यति यांचे वारस. त्यांच्याबरोबर दोरा, टाका, ओवणे, उसवणे, सांधणे ही घरातली जुनी नाणी. दुसरा थर फारसी-अरबीचा: अस्तर, रफू, बखिया, कशिदा, जरी. हे शब्द दरबारी पोशाखाबरोबर आणि ते शिवणाऱ्या कारागिरांबरोबर आले. तिसरा थर पोर्तुगीजांकडून आला. काज, फीत, अलपीन ही त्याची उदाहरणे. चौथा इंग्रजीचा आणि इंग्रजीमार्गे फ्रेंचचा: बटण, हूक, लेस, क्रोशे. पहिल्या थरात क्रियापदे विपुल आहेत व नंतरच्या थरांत बहुतेक नामेच आहेत, ही गोष्ट लक्ष वेधून घेते. अर्थात परकीय शब्द मराठीत बहुधा नाम म्हणून येतो आणि ‘करणे’, ‘मारणे’, ‘घालणे’ यांच्या आधाराने वावरतो, हा सामान्य नियमच असल्यामुळे त्यावरून फार मोठे अनुमान काढणे युक्त होणार नाही. इतके मात्र म्हणता येईल की मूळ कृती येथल्याच होत्या; बदलत गेली ती साधने, सजावट आणि पोशाखाची तऱ्हा.

गावगाड्यातील शिंप्याचे स्थान याच गोष्टीला दुजोरा देते. बारा बलुतेदारांत शिंपी नाही; तो काही याद्यांत अलुतेदारांमध्ये आढळतो. लोहार, सुतार, कुंभार यांच्यावाचून गाव अडत असे, शिंप्यावाचून तितके अडत नसे. लुगडे, धोतर, मुंडासे, उपरणे ही वस्त्रे शिवावी लागतच नव्हती, आणि जी शिवावी लागत त्यांपैकी बरीचशी घरातच उरकली जात.

फुलीच्या टाक्याचा प्रवास मात्र वेगळा आहे, आणि तो या मुलखापर्यंत दोन वाटांनी आलेला दिसतो. पहिली वाट दक्षिणेची. धारवाड, विजापूर, बागलकोट या भागांत कसुती नावाचे भरतकाम प्रसिद्ध आहे. कापडाचे धागे मोजून, गाठ न देता करावयाच्या या भरतकामात चार टाके मानतात: गवंती, मुरगी, नेयगी आणि मेंथी. यांपैकी मेंथी, म्हणजे कानडीत मेथी, हा फुलीचाच टाका होय. इरकली लुगडी कृष्णाकाठी सर्रास नेसली जात, त्यांच्या पदरावर हे काम दृष्टीस पडे. ‘कसुती’ आणि फारसी ‘कशिदा’ यांच्यातील ध्वनिसाम्यावरून एक दुसऱ्यापासून निघाला असे कोणी सुचवितात. कानडी अभ्यासक तो शब्द ‘कै’ म्हणजे हात आणि सूत यांच्याशी जोडतात. ध्वनिसाम्य हा पुरावा अपुरा असतो, एवढे येथे नमूद करणे पुरे.

दुसरी वाट शाळेची. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांच्या मुलींच्या शाळांत सुईकाम हा शिक्षणाचा नियमित भाग होता, आणि अमेरिकन मिशनची केंद्रे कोल्हापूर, सांगली, कोडोली अशी या परिसराच्या आसपासच होती. पुढे सरकारी व खाजगी कन्याशाळांनीही तो विषय स्वीकारला. येथे सुईला एक वेगळेच राजकारण चिकटले. पुण्यात १८८४ साली मुलींचे हायस्कूल निघाले, तेव्हा त्याच्या अभ्यासक्रमावर टिळकांच्या ‘मराठा’ पत्राने १८८७ साली टीका केली. मुलींना देशी भाषा, नीतिशिक्षण आणि शिवणकाम एवढे पुरेसे आहे, असा त्या टीकेचा रोख होता. म्हणजे इंग्रजी व गणित नको म्हणण्यासाठी सुई पुढे करण्यात आली. त्याच सुईचा पंडिता रमाबाईंनी शारदा सदनात व पुढे केडगावच्या मुक्ती सदनात, आणि रमाबाई रानड्यांनी १९०९ पासून पुण्याच्या सेवासदनात, अगदी निराळ्या हेतूने उपयोग केला: निराधार स्त्रीला स्वतःच्या कमाईचे साधन मिळावे म्हणून. एकाच टाक्याचे हे दोन परस्परविरोधी उपयोग लक्षात न घेता ‘स्त्रियांच्या हस्तकला’ असे सरसकट लिहिण्याची जी प्रथा पडली आहे ती इतिहासदृष्ट्या सदोष आहे.

शाळेतून घरी आलेल्या या भरतकामाला खेड्यापाड्यांत पोचविण्यात नियतकालिकांचाही वाटा आहे. इस्लामपूरहून कृष्णेपलीकडे असलेल्या किर्लोस्करवाडीहून १९३० साली ‘स्त्री’ मासिक सुरू झाले. मराठी स्त्री-मासिकांतून विणकाम-भरतकामाचे नमुने येऊ लागले, तसे चौकटीचा कागद, मॅटीचे कापड आणि फ्रान्समधील म्यूलूझ येथील ‘डीएमसी’चे रंगीत दोरे हे शब्द घरात रुळले. ठिपके मोजून रांगोळी काढणाऱ्या हाताला घरे मोजून टाका घालणे अवघड नव्हते. अवघड गेली ती अक्षरे. ‘सुस्वागतम्’ भरताना शिरोरेषा सरळ असल्याने बिनतक्रार बसे, परंतु ‘स’, ‘क’, ‘त’ यांची वळणे चौकटीत पायऱ्यापायऱ्यांची होत. अशा चौकटी काचेत बसवून बाहेरच्या सोप्यात लावीत, आणि त्यांच्या कोपऱ्यात पुष्कळदा करणारीचे नाव व साल भरलेले असे. घरगुती सुईकामाला नाव आणि साल मिळाले ते येथे. वाकळीवर कोणीही नाव घातले नाही.

या भेदाचा परिणाम आजच्या गणनेपर्यंत येऊन पोचतो. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या व्यक्तींसाठी ९२ आणि ९३ असे दोन संकेतांक आहेत. त्यांपैकी ९३ हा घरकामाबरोबरच सरपण, चारा गोळा करणे आणि घरच्या उपयोगासाठी शिवणे, विणणे इत्यादी करणाऱ्यांसाठी आहे. म्हणजे सर्वेक्षणाला हे काम दिसते, तरीही तो संकेतांक लागलेली व्यक्ती श्रमशक्तीबाहेर गणली जाते. संयुक्त राष्ट्रांच्या १९९३ च्या राष्ट्रीय लेखा पद्धतीने घरच्यासाठी कपडे शिवणे हे उत्पादन मानले, परंतु घरातल्या वस्तूंची दुरुस्ती ही सेवा म्हणून त्याबाहेर ठेविली. या कसोटीवर वाकळीचे काय करावयाचे हा प्रश्न उभा राहतो. ती नवी वस्तू आहे आणि तिच्यातील प्रत्येक धागा दुरुस्तीचा आहे.

स्वातंत्र्योत्तर काळात शिलाई यंत्र घरात आले. ‘उषा’ आणि ‘सिंगर’ ही नावे सामान्यनामांसारखी वापरली जाऊ लागली, आणि पुढे जिल्हा परिषदेच्या महिला व बालकल्याण योजनांतूनही यंत्रे वाटली गेली. नऊवारीची जागा सहावारीने घेतली, सुती कापडाची जागा कृत्रिम धाग्याने. अशा साडीचे धडपे निघत नाही. ती विरत नाही, फाटते. वाकळ शिवली जाते, पण शहरातील दुकानात ती ‘गोधडी’ या नावाने विकावयास ठेवलेली असते; ‘वाकळ’ हा शब्द बोलीत मागे राहिला आहे. उलट फ्रेंच ‘पिको’ आणि इंग्रजी ‘फॉल’ यांचा जोडशब्द गल्लोगल्ली पाटीवर चढला आहे. जिच्या दारावर ‘पिको-फॉल करून मिळेल’ अशी पाटी असते, तिच्या यंत्राशेजारच्या पिशवीत गिऱ्हाइकाच्या साड्या, मुलाच्या गणवेशाची उसवलेली बाही आणि टाचून ठेवलेल्या वाकळीची कड अशी तिन्ही कामे बहुधा एकत्रच असतात. सुईखाली साडी असेल तर तो स्वयंरोजगार, संकेतांक ११. बाही असेल तर ९३.