नाशिकच्या द्राक्षवेली आणि केवडा

द्राक्षाच्या पानावर वरून तेलकट पिवळे डाग आणि खालून पांढरी लव आणणारा केवडा हा रोग मूळचा उत्तर अमेरिकेचा. १८७८मध्ये तो फ्रान्समध्ये आढळला आणि १९१० साली नाशिक परिसरात त्याची नोंद झाली. आधुनिक वर्गीकरण त्याच्या कारक जीवाला खऱ्या बुरशीत धरत नाही, पण बागायतदारांच्या लेखी ती बुरशीच. या रोगावर १८८५मध्ये फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्दे यांनी पुढे आणलेले बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद आणि चुना यांचे द्रावण, मुळात रस्त्याकडेची द्राक्षे चोरांनी खाऊ नयेत म्हणून वेलींवर शिंपडल्या जाणाऱ्या निळसर लेपावरून सुचले, ही गोष्ट रोगशास्त्राच्या इतिहासात काहीशी गमतीचीच. नाशिकमध्ये ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर फूट कोवळी असतानाच पाऊस लांबला, की केवडा घडांपर्यंत पोहोचतो. म्हणून निफाड-दिंडोरीकडे छाटणीची तारीख पावसाचा अंदाज घेऊन ठरवली जाते.