कार्ल्याच्या भिंतीवरील सरकारी पत्र

कार्ल्याच्या चैत्यगृहाकडे आपण शिल्पासाठी जातो. त्याच्या दर्शनी भागात कोरलेले एक सरकारी पत्र मात्र बहुधा न वाचताच परततो. साहित्याच्या विद्यार्थ्याला राजाज्ञेच्या गद्यात रस कशाला, हा प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु शासनाने लोकांशी कसे बोलावे, याची चर्चा अलीकडे वर्तनविज्ञानाच्या अंगाने होऊ लागली असताना, या जुन्या गद्याकडे पुन्हा पाहावे असे आम्हांस वाटते.

पत्राची पार्श्वभूमी अशी. क्षहरात नहपानाचा जावई ऋषभदत्त याने वलूरक लेण्यांतील, म्हणजे आजच्या कार्ल्याच्या, भिक्षूंना करजिक नावाचे गाव दिल्याचा लेख येथेच आहे. पुढे सत्ता सातवाहनांकडे गेली. राज्य बदलले की आधीच्या राज्यकर्त्याचे दान टिकेल याची शाश्वती नसते. अशा वेळी मामाडच्या, म्हणजे मावळच्या, अमात्याला नवी आज्ञा आली. राजाचे नाव लेखाच्या तुटलेल्या भागात गेले आहे. अभ्यासक ती आज्ञा गौतमीपुत्र सातकर्णीची मानतात. तेच गाव तिने भिक्षूंना दिले, आणि त्या गावास पुढील सवलती दिल्या : राजपुरुषांनी तेथे प्रवेश करू नये, कशास हात लावू नये, मिठासाठी जमीन खणू नये, जिल्ह्याच्या अंमलदारांनी ढवळाढवळ करू नये.

या वाक्यांचे वैशिष्ट्य त्यांच्या क्रियापदांत आहे. ‘सर्व सवलती लागू राहतील’ एवढे म्हणून लेखनिक थांबलेला नाही. शिपाई गावात येऊन नेमके काय करील, हे त्याने आधी डोळ्यांपुढे आणले आणि एकेक कृती नाव घेऊन निषिद्ध केली. सर्व प्रकारच्या सवलतींचा सर्वसाधारण उल्लेख त्यानंतर येतो. भाषाही संस्कृत नव्हे, प्राकृत. आपल्या परिचयाचे कार्यालयीन मराठी याच्या नेमके उलट चालते. ‘नियमानुसार योग्य ती कार्यवाही करण्यात यावी’ या वाक्यात कर्ता नाही, कृती नाही, मुदत नाही. व्याकरणदृष्ट्या ते निर्दोष आहे. वाचणाऱ्याने उद्या सकाळी काय करायचे, तेवढेच त्यात नाही.

वर्तनविज्ञान नेमके येथेच बोट ठेवते. थेलर आणि सन्स्टीन यांचे ‘नज’ हे पुस्तक २००८ साली आले. २०१० साली ब्रिटिश सरकारने या विचारावर आधारलेले एक पथक स्थापन केले. तेथील करखात्याच्या थकबाकीपत्रांत ‘बहुतेक लोक कर वेळेवर भरतात’ अशा आशयाची एक ओळ घालून पाहिली, तेव्हा ती नसलेल्या पत्रांपेक्षा भरणा लवकर झाला. चतुर ओळ सुचणे हा त्यातला लहान भाग; पत्र धाडल्यावर लोकांनी काय केले हे मोजणे हा मोठा.

या मोजण्याचा जुना दाखला कार्ल्यात नाही. तो नाशिकच्या तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात, याच राजाच्या दोन आज्ञांत आहे. राज्यवर्ष १८ मध्ये त्याने गोवर्धनच्या अमात्याला कळवून तेथील भिक्षूंना ककडी गावातील शेत दिले. आज्ञा तोंडी दिली होती आणि ती अमात्य शिवगुप्ताने लिहिली, हेही लेखात नोंदले आहे; जबाबदारीला नाव आहे. वर्ष २४ मध्ये दुसरी आज्ञा निघाली : ते शेत कसले जात नाही, गावात वस्ती नाही, म्हणून नगरसीमेवरील राजकीय शेतातून १०० निवर्तने जमीन द्यावी. पहिल्या आज्ञेचा शब्द बिनचूक होता, पण भिक्षूंच्या पदरी काही पडले नव्हते. ते निष्फळ ठरल्याचे राजाने दगडात कोरू दिले, हे आम्हांस मोठे वाटते.

तथापि या गद्याचा गौरव करताना एक गोष्ट विसरता येत नाही. कार्ल्याचे पत्र अमात्याला लिहिलेले आहे आणि भिक्षूंच्या उपयोगाचे आहे. करजिक गावचे कसणारे त्यात कोठेही श्रोते नाहीत; त्यांच्या दृष्टीने बहुधा धान्य घेणारे हात तेवढे बदलले. स्पष्टता ही नेहमी कोणासाठी तरी असते. आजच्या चतुर सूचनापत्रांनाही हाच प्रश्न विचारायला हवा : नागरिकाला त्याचा हक्क कळावा म्हणून भाषा सोपी केली आहे, की त्याने मुकाट्याने मान डोलवावी म्हणून?

गद्य शिकवणाऱ्यांनी या प्रश्नापासून दूर राहू नये. निवृत्तिवेतनाच्या वा शिधापत्रिकेच्या एका दुर्बोध पत्रापायी ज्याचा हेलपाटा वाया जातो, त्याच्या लेखी वाक्यरचना ही शैलीची बाब उरत नाही. वर्गात एखादे परिपत्रक फळ्यावर लिहावे, त्यातला हरवलेला कर्ता शोधावा, आणि मग कार्ल्याच्या त्या चार ‘करू नये’ त्याच्या शेजारी मांडाव्यात.