गणकयंत्राला स्मृती किती हवी?

अंथरूण पाहून पाय पसरावेत, हा सल्ला मराठी घरांतून पिढ्यान्‌पिढ्या दिला जातो. परंतु अंथरूणच नव्याने शिवावयाचे असेल, तर ते किती लांब शिवावे, हे ती म्हण सांगत नाही. मूल उद्या वाढणार असते, आणि कापड मात्र आजच्या पैशाने घ्यावे लागते. गणकयंत्राला स्मृती किती द्यावी, हा प्रश्न याच जातीचा आहे. मुलाच्या शिक्षणासाठी संगणक घेऊ पाहणाऱ्या गृहस्थाला दुकानदार ‘आठ जीबी की सोळा जीबी?’ असे विचारतो, तेव्हा तो प्रश्न त्या दुकानात जन्मलेला नसतो. त्याने आजवर मोठमोठ्या गणितज्ञांना आणि धनाढ्य कंपन्यांना कोड्यात टाकले आहे, आणि त्यांपैकी अनेकांची उत्तरे काळाने खोटी ठरविली आहेत.

येथे स्मृती म्हणजे काय, हे प्रथम स्पष्ट केले पाहिजे. कचेरीतील कारकुनासमोर एक मेज असते आणि पाठीमागे दप्तराचे कपाट असते. कपाटात वर्षानुवर्षांचे कागद राहतात. मेजावर मात्र हाती घेतलेल्या कामाचेच कागद मांडलेले असतात. संगणकाची तबकडी हे कपाट, आणि ज्याला रॅम किंवा मेमरी म्हणतात ते मेज होय. मेज लहान असले की कारकुनाला दर घटकेला उठून कपाटाकडे जावे लागते. हात चालतात, पण काम पुढे सरकत नाही. ही स्मृती मोजण्याचे माप म्हणजे बाइट. रोमन लिपीतील एक अक्षर एका बाइटमध्ये मावते. १,०२४ बाइटांचा एक किलोबाइट, तितक्याच किलोबाइटांचा एक मेगाबाइट आणि तितक्याच मेगाबाइटांचा एक गिगाबाइट, म्हणजेच जीबी.

या प्रश्नाचा पद्धतशीर विचार १९४६ साली अमेरिकेत प्रिन्स्टन येथे झाला. जॉन फॉन नॉयमन, आर्थर बर्क्स आणि हर्मन गोल्डस्टाइन यांनी त्या वर्षी एका नियोजित गणकयंत्राचा आराखडा लिहून काढला. स्मृतीचा आकडा त्यांनी हवेतून घेतला नाही. यंत्राला जी गणिते सोडवावयाची होती, त्यांत एका वेळी किती संख्या हाताशी लागतील, याचा त्यांनी हिशोब मांडला आणि प्रत्येकी चाळीस द्विमान अंकांच्या सुमारे चार हजार संख्या मावतील एवढी स्मृती असावी, असे ठरविले. त्या काळच्या बहुतेक गणितांना लागणाऱ्या स्मृतीच्या ती सुमारे दसपट होती. त्याहून मोठ्या कामासाठी एक संथ परंतु विस्तीर्ण असे दुसरे कोठार जोडावे, असेही त्यांनी सुचविले. कामाचा अंदाज, त्यावर दसपट वाव आणि पाठीशी कोठार, ही त्यांची रीत होती. प्रत्यक्षात मात्र यंत्र उभे राहिले तेव्हा त्यात १,०२४ संख्यांचीच सोय होऊ शकली. आजच्या मापाने ती पाच किलोबाइट भरते. योजना चार हजारांची होती, पदरात एक हजारच पडले.

याच आराखड्याच्या परंपरेतील एक यंत्र मुंबईत घडले. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली कार्यान्वित झालेल्या ‘टिफ्रॅक’ या गणकयंत्राची स्मृती २,०४८ संख्यांची होती आणि प्रत्येक संख्या चाळीस अंकांची होती. प्रत्येक अंकासाठी फेराइटची एक बारीक कडी आणि तिच्यातून ओवलेल्या तारा, अशी त्या स्मृतीची रचना होती. म्हणजे सुमारे ब्याऐंशी हजार कड्या ओवल्या, तेव्हा कोठे दहा किलोबाइट स्मृती हाती आली. जी वस्तू मण्यांप्रमाणे ओवून तयार करावी लागते, ती उधळली जात नाही. म्हणून त्या काळच्या कार्यक्रमलेखकांनी एकेका अंकाची काटकसर केली. वर्ष लिहिताना शतकाचे दोन अंक गाळण्याची सवय याच काटकसरीतून पडली, आणि २००० साल उजाडण्यापूर्वी जगभरच्या कचेऱ्यांना त्या दोन अंकांची किंमत व्याजासह मोजावी लागली. स्मृतीतील कंजूषपणा फुकट पडत नाही. त्याचे बिल उशिरा येते, इतकेच.

१९६२ साली मँचेस्टर येथील ‘ॲटलस’ यंत्राने एक नवी युक्ती पुढे आणली. मेज भरले की नको असलेले कागद यंत्राने स्वतःच कपाटात ठेवावेत आणि हवे ते काढून आणावेत, म्हणजे वापरणाऱ्याला मेज असावे त्याहून मोठे वाटेल. तथापि या युक्तीलाही सीमा होती. एकाच वेळी फार कामे घेतली, तर यंत्राचा सारा वेळ कागद आणण्यात आणि ठेवण्यात जाई. १९६८ साली पीटर डेनिंग या शास्त्रज्ञाने या अवस्थेचे कारण दाखवून दिले. कोणतेही काम कोणत्याही क्षणी आपल्या सर्व कागदांना हात लावीत नाही; नजीकच्या काळात ज्यांना हात लागला तेवढ्यांचाच एक संच त्याला मेजावर हवा असतो. अशा चालू संचांची बेरीज मेजावर मावली, तर काम सुरळीत चालते. मावली नाही, तर मेजावरील ओढाताण एकाएकी वाढते. किती स्मृती पुरे, या प्रश्नाला मिळालेले हे सर्वांत नेमके उत्तर होय. कपाटात किती आहे, याने ते ठरत नाही. एका वेळी हाती काय आहे, याने ठरते.

१९७० साली इंटेल कंपनीने १,०२४ अंक साठविणारी ‘११०३’ ही चिप बाजारात आणली आणि ओवलेल्या कड्यांचे युग मावळू लागले. स्मृती स्वस्त झाली, तसे गणकयंत्र घरात येण्याजोगे झाले. जानेवारी १९७५ मध्ये गाजावाजा झालेल्या ‘अल्टेअर ८८००’ या यंत्राच्या मूळ संचात केवळ २५६ बाइट स्मृती होती. पुढे त्याच यंत्रासाठी बेसिक भाषेचा कार्यक्रम तयार झाला. त्याच्या सर्वांत लहान आवृत्तीलाच चार किलोबाइट लागत. म्हणजे मूळ संच विकत घेणाऱ्याला यंत्राची भाषा ऐकण्यासाठीच सोळापट स्मृती नव्याने घ्यावी लागे. १९७७ च्या ‘ॲपल टू’ या यंत्राची किंमत चार किलोबाइटसह १,२९८ डॉलर होती आणि अठ्ठेचाळीस किलोबाइटसह २,६३८ डॉलर. यंत्र तेच होते. केवळ स्मृतीने त्याची किंमत दुप्पट केली. किती घ्यावे, ही कुटुंबाच्या ऐपतीची बाब झाली ती तेव्हापासून.

परंतु या प्रश्नाच्या पोटात आणखी एक प्रश्न दडलेला आहे, आणि अनुभवी माणसेही तेथेच चुकली. यंत्रात आज स्मृती किती बसविली आहे, ही एक गोष्ट. आणि त्यात जास्तीत जास्त किती बसू शकेल, ही निराळी गोष्ट. टपालाच्या पत्त्यावर घराचा क्रमांक लिहिण्यास दोनच चौकटी ठेवल्या, तर गावात शंभरावे घर बांधता येईल, पण त्याला पत्र मिळणार नाही. संगणकातील प्रत्येक बाइटलाही असाच क्रमांक असतो, आणि तो क्रमांक किती अंकी असावा हे यंत्राचा आराखडा काढतानाच ठरून जाते. १९७० च्या ‘पीडीपी-११’ या लोकप्रिय यंत्रात हा क्रमांक सोळा द्विमान अंकांचा होता. त्यामुळे एका कार्यक्रमाला चौसष्ट किलोबाइटपलीकडचे जग दिसत नसे. १९७६ साली गॉर्डन बेल आणि विल्यम स्ट्रेकर यांनी या यंत्राच्या अनुभवाचा आढावा घेताना परखडपणे लिहिले, की गणकयंत्राच्या रचनेत ज्यातून सावरणे कठीण अशी एकच चूक असते, आणि ती म्हणजे पत्त्यासाठी पुरेसे अंक न ठेवणे. लगेच १९७७ मध्ये त्यांच्याच कंपनीने बत्तीस अंकी पत्त्याचे नवे यंत्र काढले.

हा धडा छापून आल्यावर पाचच वर्षांनी, ऑगस्ट १९८१ मध्ये, आयबीएम कंपनीचा ‘पर्सनल कॉम्प्युटर’ आला. त्याच्या अगदी साध्या संचात सोळा किलोबाइट स्मृती होती. त्यातील प्रक्रियक वीस अंकी पत्ता मोजू शके, म्हणजे छत एक मेगाबाइटचे. त्यातील वरचा भाग पडद्यासाठी आणि यंत्राच्या अंतर्गत व्यवस्थेसाठी राखला गेला आणि कार्यक्रमांच्या वाट्याला ६४० किलोबाइट आले. चौसष्ट किलोबाइटची सवय असलेल्या त्या काळाला ही दसपट ऐसपैस वाटली. ‘६४० किलोबाइट कोणालाही पुरतील’ असे बिल गेट्स म्हणाल्याची गोष्ट पुढे जगभर पसरली. तसे म्हटल्याचा पुरावा कोणी दिलेला नाही आणि गेट्स यांनी ती स्पष्टपणे नाकारली आहे. मात्र ही वाढ दहा वर्षे पुरेल असे आपल्याला वाटले होते आणि सुमारे सहा वर्षांतच ती अपुरी पडली, अशी कबुली त्यांनी १९८९ च्या एका व्याख्यानात दिली. दंतकथेतील वाक्यापेक्षा ही कबुलीच अधिक बोधप्रद आहे.

दसपट वाव १९४६ च्या गणितज्ञांनीही ठेवला होता. मग एकाला जे साधले ते दुसऱ्याला का साधू नये? कारण उघड आहे. प्रिन्स्टनच्या यंत्राचे काम ठरलेले होते आणि ते वापरणारे मूठभर होते. घरोघर गेलेल्या यंत्राचे काम कोणीच ठरवू शकत नव्हते. १९८३ मध्ये आलेल्या ‘लोटस १-२-३’ या हिशोबाच्या कार्यक्रमाने व्यापाऱ्यांना एवढे मोठे तक्ते मांडण्याची सवय लावली, की ६४० किलोबाइटचे छत त्यांच्या डोक्याला लागू लागले. १९८५ साली लोटस, इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून तोड काढली, ती भिंतीला खिडकी पाडण्याची. चौसष्ट किलोबाइटच्या त्या खिडकीतून बाहेरच्या स्मृतीचे तुकडे आळीपाळीने दिसत. त्याच वर्षी बत्तीस अंकी पत्त्याचा ‘८०३८६’ हा प्रक्रियक आला आणि छत चार गिगाबाइटपर्यंत उंचावले. तरीही जुने कार्यक्रम जुन्याच छताखाली नांदत असल्याने लोक आणखी कित्येक वर्षे ६४० किलोबाइटमध्ये जागा करण्याच्या खटपटीत राहिले. चार गिगाबाइटचे छतही पुढे तोकडे पडले आणि २००३ पासून चौसष्ट अंकी प्रक्रियक घरगुती यंत्रांत येऊ लागले.

भूक एवढी का वाढली, याचा दोष अक्षरांना देता येणार नाही. नागरी लिपीला या इतिहासात थोडे थांबावे लागले, हे खरे. प्रारंभीच्या घरगुती यंत्रांत भारतीय लिप्या दाखविण्यासाठी ‘जिस्ट’ नावाचे स्वतंत्र कार्ड बसवावे लागे; कानपूरच्या तंत्रज्ञान संस्थेत उगम पावलेले हे तंत्र पुण्याच्या ‘सी-डॅक’ने वाढविले. आज प्रचलित असलेल्या जागतिक संकेतपद्धतीत नागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. ‘स्मृती’ हा लहानसा शब्द अठरा बाइट घेतो. तरीही मोठी कादंबरी काही मेगाबाइटांत सहज मावते. खरा खर्च चित्रांचा आहे. आजच्या साध्या पडद्यावर १,९२० गुणिले १,०८० ठिपके असतात आणि प्रत्येकाच्या रंगासाठी चार बाइट धरले, तर पडद्याचे एकच चित्र सुमारे त्र्याऐंशी लाख बाइटांचे होते. ज्या ६४० किलोबाइटमध्ये एके काळी एका पेढीचा हिशोब चाले, त्याच्या बारापटींहून अधिक जागा आज एका स्थिर चित्राला लागते.

इतिहासाचे चक्र अलीकडे पुन्हा एका जुन्या जागी आले आहे. १९८४ च्या पहिल्या ‘मॅकिंटॉश’मध्ये १२८ किलोबाइट स्मृती होती आणि ती वाढविण्याची सोय ग्राहकाला दिलेली नव्हती, त्याच वर्षी सप्टेंबरात कंपनीला चौपट स्मृतीचे यंत्र काढावे लागले. त्यानंतर बराच काळ घरगुती यंत्रांत स्मृतीची पट्टी मागाहून बसविता येई. आजच्या अनेक वहीवजा संगणकांत ती पुन्हा कायमची जडविलेली असते. २०२० मध्ये ॲपलने स्वतःच्या प्रक्रियकाची जी पहिली यंत्रे काढली, त्यांत आठ किंवा सोळा जीबी हा निर्णय खरेदीच्या क्षणीच कायम होई. २०२४ मध्ये त्याच कंपनीने आपल्या मॅक यंत्रांचा आरंभच सोळा जीबीपासून केला. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टनेही कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सोयी असलेल्या आपल्या नव्या वर्गातील यंत्रांना किमान सोळा जीबीची अट घातली. तीन वर्षांपूर्वीच्या ‘विंडोज ११’ची किमान अट चार जीबीची होती. दुसरीकडे, त्याच कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड केंद्रांनी स्मृतीच्या चिपांची मागणी एवढी वाढविली, की २०२५ च्या अखेरीस त्यांचे भाव झपाट्याने चढले. सामान्य कुटुंबाच्या दृष्टीने हा दुहेरी पेच आहे: मागाहून वाढविता येत नाही, आणि आधी घेतली तर पैसे अधिक पडतात.

या पेचातून वाट काढण्यास आठ दशकांचा हा अनुभव पुरेसा आहे. विक्रेत्याने सांगितलेला किमान आकडा यंत्र सुरू होण्यापुरता असतो, काम होण्यापुरता नव्हे. घरात एका वेळी कोणती कामे उघडी राहतात, त्यांचा चालू संच केवढा, हे जुन्या यंत्रावर नेहमीची कामे चालू ठेवून पाहता येते. तेथे स्मृती भरलेली दिसली, म्हणून दचकण्याचे कारण नाही; रिकामे मेज कोणाच्याच उपयोगाचे नसल्याने यंत्र ते मुद्दाम भरून ठेवते. तबकडीकडे सतत हेलपाटे पडू लागले, तरच मेज अपुरे समजावे. पट्टी पुढे बदलता येणार असेल, तर आजच्या गरजेपुरते घेणे हेच शहाणपण; उद्याच्या भीतीने आजच पैसे गुंतविण्यात अर्थ नाही. ती कायमची जडविलेली असेल, तर मात्र विकत घेतले जाते ते आजचे मेज नसून पुढील सहा-सात वर्षांचे छत असते, आणि तेथे दुप्पट वाव ठेवणे ही उधळपट्टी ठरत नाही.

भविष्याचा अचूक अंदाज ना फॉन नॉयमनना करता आला, ना आयबीएमला. ज्यांनी पुढे वाढण्यास जागा ठेवली, त्यांना मात्र अंदाज चुकला तरी सावरता आले. अंथरूण शिवताना शिवणीत थोडे कापड दुमडून ठेवण्याची रीत घराघरांतून होती, ती एवढ्याचसाठी.