चांदमारी आणि नागरिक

जेथे लष्कर नेमबाजीचा सराव करी, ती जागा म्हणजे चांदमारी. गुवाहाटीसारख्या शहरात तर एका वस्तीला आजही तेच नाव आहे. पारतंत्र्यकाळात सामान्य रहिवाशाचा चांदमारीशी संबंध बहुधा दुरून ऐकू येणाऱ्या आवाजापुरताच होता. लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीतील १८७८ च्या शस्त्र कायद्याने भारतीयांना परवान्यावाचून शस्त्र बाळगण्यास मनाई केली. युरोपियनांना मात्र त्यातून सूट दिली. या भेदाचा सल इतका खोल होता की, १९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीचे आवाहन करताना अहिंसेचे उपासक असलेल्या गांधीजींनीही या कायद्याची गणना ब्रिटिश राजवटीच्या काळ्या कृत्यांत केली.

त्याच वर्षीच्या खेडा सत्याग्रहात अहमदाबादचे एक वकील कार्यरत होते. ते म्हणजे गणेश वासुदेव तथा दादासाहेब मावळंकर. त्यांचे घराणे मूळचे संगमेश्वर तालुक्यातील मावळंगे गावचे. जन्म १८८८ मध्ये बडोद्यास झाला. पुढे स्वातंत्र्यलढ्यात त्यांनी कारावास भोगला आणि कैद्यांच्या सहवासातून ‘मानवतानां झरणां’ हे गुजराती पुस्तक लिहिले. १९५१ मध्ये नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया स्थापन झाली, तेव्हा तिचे संस्थापक अध्यक्षपद याच सत्याग्रहीकडे आले. पुढच्या वर्षी ते लोकसभेचे पहिले अध्यक्ष झाले.

सत्याग्रही आणि रायफल यांत वरकरणी विसंगती दिसते. परंतु नेमबाजीच्या मैदानाचा पहिला धडा संयमाचा असतो. आज्ञा होईपर्यंत बंदूक रिकामी ठेवायची, नळीचे तोंड सदैव लक्ष्याकडे राखायचे, श्वास आवरायचा आणि मगच चाप ओढायचा. आज्ञा मिळताच थांबणे हेही तेथे नेम साधण्याइतकेच महत्त्वाचे. सभागृहाच्या शिस्तीशी या शिस्तीचे नाते दूरचे नाही.

या विश्वासाला कायद्याचा आधार मिळाला तो १९५९ च्या शस्त्र कायद्याने. १८७८ चा कायदा रद्द करणाऱ्या या कायद्याच्या तेराव्या कलमात रायफल क्लबचा स्पष्ट उल्लेख आला. केंद्र सरकारची मान्यता असलेल्या क्लबच्या सभासदास लक्ष्यवेधाच्या सरावासाठी .२२ बोअरची रायफल किंवा एअर रायफल वापरण्याकरिता परवाना देण्याची तरतूद झाली. ज्या शासनसंस्थेने एकेकाळी प्रजेला नि:शस्त्र केले होते, तिनेच आता नागरिकाच्या हाती नियमबद्ध शस्त्र सोपवले. जिल्ह्याजिल्ह्यांतील लहान क्लबांचे महत्त्व पदकांपूर्वी या परिवर्तनात आहे. मावळंकर १९५६ मध्ये निवर्तले. त्यांच्या नावाची अखिल भारतीय स्पर्धा पुढे कितीएक नवोदितांसाठी राष्ट्रीय स्पर्धेचे प्रवेशद्वार ठरली.

१ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवले. त्यांच्या हातातील रायफल .२२ बोअरचीच होती. एका शेतकरी गावातील तरुणाच्या खांद्याशी ती निर्धास्तपणे टेकली, यामागे शंभरांहून अधिक वर्षांचा इतिहास उभा होता.